कुत्र्याच्या पिल्लांचे दात येणे

कुत्र्याच्या पिल्लांचे दात येणे म्हणजे पिल्लाच्या तोंडात आधी दुधाचे दात उगवणे आणि पुढे ते पडून त्यांच्या जागी कायमचे दात येणे ही नैसर्गिक प्रक्रिया होय. जन्मतः पिल्लाला दात नसतात. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात दिसू लागतात आणि साधारणपणे सातव्या महिन्यापर्यंत कायमच्या दातांचा संच पूर्ण होतो. त्यातील तिसरा ते सहावा महिना हा टप्पा पिल्लाला आणि ते पाळणाऱ्या घराला सर्वाधिक त्रासाचा असतो. हिरड्या सुजून दुखत असल्याने पिल्लू चपला, खाटेचे पाय, दोऱ्या, विजेच्या तारा आणि माणसांचे हातपाय असे जे सापडेल ते चावत सुटते.

ही चावाचाव बहुतेक पिल्लांत वयानुसार कमी होते. मात्र भारतात तिला एक गंभीर बाजू आहे. दात बदलू लागण्याचा काळ आणि रेबीजची पहिली लस देण्याचे वय एकाच सुमारास येतात. लस न झालेल्या पिल्लाचा खेळता खेळता लागलेला दातही त्यामुळे दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. महाराष्ट्राच्या खानदेश भागात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत, गल्लीतील किंवा शेतावरील कुत्रीचे पिल्लू उचलून घरी आणण्याची रीत सर्रास आढळते. अशा पिल्लाची जन्मतारीख माहीत नसते व लसीची नोंदही नसते. दात येण्याच्या काळातील काळजी तेथे दातांपुरती मर्यादित राहत नाही.

दातांची संख्या आणि क्रम

माणसाप्रमाणे कुत्र्यालाही आयुष्यात दोनदा दात येतात. दुधाचे दात २८ असतात. वरच्या आणि खालच्या जबड्यात प्रत्येकी सहा पटाशीचे दात, दोन सुळे आणि सहा उपदाढा अशी त्यांची विभागणी असते. कायमचे दात ४२ असतात. वाढलेल्या १४ दातांपैकी १० खऱ्या दाढा असतात. उरलेले चार म्हणजे दोन्ही जबड्यांच्या प्रत्येक बाजूची पहिली उपदाढ. हे १४ दात कोणत्याही दुधाच्या दाताची जागा घेत नाहीत, ते एकदाच येतात.

दुधाचे पटाशीचे दात आणि सुळे तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात उगवतात. त्यांच्या मागोमाग उपदाढा येतात. हे दात बारीक आणि सुईसारखे टोकदार असतात. पिल्लाच्या जबड्यात जोर नसला तरी त्याचा दात कातडीत चटकन रुततो तो यामुळेच. दूध पिताना हे दात टोचू लागले की कुत्री पिल्लांना दूर ढकलते आणि पिल्ले हळूहळू अंगावरचे दूध सोडतात.

कायमच्या दातांत सर्वप्रथम समोरचे पटाशीचे दात येतात, साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात. सुळे आणि उपदाढा चौथ्या ते सहाव्या महिन्यात, तर दाढा पाचव्या ते सातव्या महिन्यात येतात. मोठ्या चणीच्या जातींत हा क्रम थोडा लवकर, तर लहान चणीच्या जातींत काहीसा उशिरा पुरा होतो.

जबड्यात खोलवर तयार होणारा कायमचा दात वर सरकू लागला की दुधाच्या दाताचे मूळ शरीराकडूनच हळूहळू शोषले जाते. मूळ नाहीसे झाल्यावर उरलेला पोकळ तुकडा हलतो आणि पडतो. बरेच दात पिल्लू खाताना गिळून टाकते. त्याने अपाय होत नाही. एखादा दात अंथरुणावर किंवा पाण्याच्या भांड्यात सापडतो. घरच्यांना अनेकदा एवढेच दिसते की चावलेल्या चिंधीवर रक्ताचा पुसटसा डाग आहे.

दातांवरून वय ओळखता येते आणि रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाच्या बाबतीत या माहितीला फार महत्त्व आहे. समोरचे सर्व दात बारीक व टोकदार असतील तर पिल्लू बहुधा तीन महिन्यांच्या आतले किंवा त्याच सुमाराचे असते. मधले दोन दात रुंद, मोठे व पांढरेशुभ्र दिसू लागले असतील तर त्याने तीन महिने ओलांडले आहेत असा अंदाज बांधता येतो. अशा पिल्लाला रेबीजची लस मिळाली नसेल तर ती द्यायला आधीच उशीर झालेला असतो.

लक्षणे

दात बदलताना हिरड्या लाल व किंचित सुजलेल्या दिसतात, लाळ वाढते, तोंडाला वेगळा वास येतो. पिल्लू डोके तिरके करून एका बाजूने चावते. कडक अन्न तोंडात घेऊन खाली टाकते, एखादी वेळ खात नाही, थोडे चिडचिडे होते. पाळीव जर्मन शेफर्डचे उभे राहिलेले कान या काळात पुन्हा पडतात, असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे.

यापलीकडची लक्षणे दातांच्या नावावर खपवू नयेत. सतत उलट्या, रक्ताचे किंवा पाण्यासारखे जुलाब, ताप, नाकाडोळ्यांतून चिकट स्राव, अंगात झटके, दिवसभर अन्नपाणी न घेणे हे दात येण्याचे परिणाम नाहीत. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे विषाणूजन्य रोग याच वयात होतात. ‘दात येत आहेत, म्हणून जुलाब होत आहेत’ या समजुतीत एक-दोन दिवस निघून गेले तर पार्व्हो झालेले पिल्लू हाती लागत नाही. माणसांच्या बाळांविषयीची जुनी समजूत येथे जशीच्या तशी पिल्लांना लावली गेल्याचे दिसते.

आराम देण्याचे उपाय

दुखऱ्या हिरडीला थंडाव्याने आराम मिळतो. स्वच्छ सुती कापड ओले करून, पीळ देऊन शीतकपाटात गार केले आणि पिल्लाला चघळायला दिले तर ते बराच वेळ रमते. शीतकपाट नसल्यास माठातील पाण्यात भिजवलेले कापडही चालते. गार केलेले गाजर किंवा काकडीचा मोठा तुकडा देता येतो. तो कोणाच्या तरी देखरेखीखाली द्यावा आणि लहान होऊन घशात अडकण्याजोगा झाला की काढून घ्यावा. बाजारात मिळणारी पिल्लांसाठीची रबरी खेळणी पोकळ असतात. त्यांत दही किंवा कुस्करलेले केळे भरून गोठवले तर खाणे आणि चावणे दोन्ही साधते. केळ्याच्या जळगावात हा उपाय स्वस्तातला आहे.

चावायला दिलेली वस्तू फार कठीण नसावी. अंगठ्याचे नख तिच्यावर दाबले असता किंचित तरी खूण उमटली पाहिजे, असा सोपा ठोकताळा पशुवैद्यक सांगतात. लोखंडी साखळी, दगड, वाळलेले शिंग किंवा नळीचे जाड हाड चावल्याने नवा दात तडकू शकतो आणि तो पुन्हा येत नाही. साखळीने दिवसभर बांधून ठेवलेले पिल्लू कंटाळून साखळीच चावत बसते. अशा कुत्र्यांचे सुळे पुढे झिजलेले आढळतात. शिजवलेल्या हाडांचा धोका निराळा आहे: ती ठिसूळ होऊन त्यांचे अणकुचीदार तुकडे पडतात आणि ते तोंडात, घशात किंवा आतड्यात रुततात. कोंबडीच्या शिजवलेल्या हाडांबाबत ही काळजी विशेष घ्यावी लागते.

जुन्या कपड्यांची वेणी घालून केलेले खेळणे चांगले, पण त्याचे धागे सुटू लागले की ते फेकून द्यावे. गिळलेला लांब धागा आतड्यांना चुण्या पाडतो आणि अशा वेळी शस्त्रक्रियेवाचून इलाज राहत नाही. जुनी चप्पल मुद्दाम चावायला देण्याची पद्धतही टाळावी. जुन्या आणि नव्या चपलेतला फरक पिल्लाला कळत नाही.

अन्न मऊ असावे. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी कोमट पाण्यात, ताकात किंवा बिनतिखटाच्या वरणाच्या पाण्यात भिजवून देता येते. वाढत्या वयाच्या पिल्लाला तिच्या जोडीला अंडे, मांस किंवा पिल्लांसाठीचे तयार खाद्य लागते. चहात बुडवलेली बिस्किटे हा गावोगाव दिसणारा खुराक पोषणाच्या दृष्टीने निकामी आहे आणि चहातील कॅफीन कुत्र्यांना मानवत नाही.

दात मजबूत व्हावेत म्हणून कॅल्शियमचे औषध सुरू करण्याची सवय शहरांत बरीच पसरली आहे. संतुलित आहार घेणाऱ्या पिल्लाला त्याची गरज नसते. मोठ्या चणीच्या जातींत जादा कॅल्शियमने हाडांची वाढ बिघडते, कारण लहान पिल्लाचे आतडे नको असलेले कॅल्शियम पुरेसे रोखू शकत नाही.

औषधांविषयी

दात येण्याच्या सामान्य त्रासाला औषध लागत नाही. माणसांसाठीच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्यांना घातक ठरतात. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकमुळे जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलच्या जादा मात्रेने यकृताला इजा होते. जनावरांच्या उपचारातील डायक्लोफेनॅकवर भारतात २००६ मध्ये बंदी घालण्यात आली, पण ती गिधाडांच्या मृत्यूंमुळे. कुत्र्यांना असलेला धोका हा स्वतंत्र विषय आहे आणि तो फारसा ठाऊक नसतो.

बाळांच्या हिरड्यांना लावायचे बधिर करणारे मलम, लवंगेचे तेल आणि माणसांची टूथपेस्ट हेही पिल्लाच्या तोंडात लावू नये. लवंगेच्या तेलाने नाजूक हिरडी पोळते. काही टूथपेस्टमध्ये आणि साखरविरहित च्युइंगगममध्ये झायलिटॉल हा गोड पदार्थ असतो. त्याच्या थोड्या मात्रेनेही कुत्र्याच्या रक्तातील साखर धोकादायकरीत्या घसरते. टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविके दात घडत असताना, म्हणजे गाभण कुत्रीला किंवा लहान पिल्लाला दिली गेल्यास दातांवर कायमचा पिवळा-तपकिरी रंग चढतो.

चावण्याची सवय

पिल्लू चावते ते दर वेळी हिरड्या दुखतात म्हणून नव्हे. तोंड हेच त्याचे वस्तू ओळखण्याचे आणि खेळण्याचे साधन असते. भावंडांशी झोंबताना एखादे जोरात चावले की दुसरे केकाटून खेळ सोडते. किती जोर चालतो हे पिल्लू अशा रीतीने शिकते. हे शिक्षण आठव्या आठवड्यापर्यंत आई आणि भावंडांच्या सहवासात चांगले होते. महिन्याभराचे पिल्लू उचलून आणले की ते या धड्याला मुकते आणि मग तो धडा घरच्यांच्या हातापायांवर गिरवला जातो. भारतात २०१७ च्या श्वानपैदास व विक्रीविषयक नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाची विक्री करता येत नाही. रस्त्यावरून उचललेल्या पिल्लाला अर्थातच असा आडकाठीचा नियम नाही.

दात लागताच खेळ थांबवणे, हात हळूच काढून घेणे, अर्धे-एक मिनिट पिल्लाकडे लक्ष न देणे आणि नंतर त्याच्यापुढे चावण्याजोगी वस्तू ठेवणे ही रीत परिणामकारक ठरते. घरातील सर्वांनी ती सारखीच पाळली पाहिजे. आई रागावते आणि मुले बोटे नाचवून पिल्लाला चावायला चिथावतात, अशा घरात पिल्लू काहीच शिकत नाही. नाकावर टिचकी मारणे, तोंड दाबून धरणे, चपलेने मारणे यांनी चावणे थांबत नाही. पिल्लू हाताला भिऊ लागते आणि भीतीने चावणारा कुत्रा खेळात चावणाऱ्या पिल्लापेक्षा कितीतरी धोकादायक असतो. दिवेलागणीच्या सुमारास पिल्लू अचानक पिसाटल्यासारखे धावते आणि चावते, तेव्हा बहुधा ते थकलेले असते. या वयाची पिल्ले दिवसातले १६ ते १८ तास झोपतात आणि मुलांच्या गोंगाटात त्यांना तेवढी झोप मिळत नाही.

खानदेशातील परिस्थिती

भटक्या कुत्र्यांच्या विणी पावसाळा संपल्यानंतरच्या महिन्यांत वाढतात. हिवाळ्यात जन्मलेली पिल्ले दात बदलण्याच्या वयात येतात तेव्हा खानदेशात उन्हाळा सुरू झालेला असतो आणि लवकरच शाळांना सुट्ट्या लागतात. मुले आणि पिल्ले दिवसभर एकत्र असण्याचा हाच काळ. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव, भुसावळ भागात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जाते. कुत्रा मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो. तोंड दुखत असल्याने पाणी कमी पिणारे पिल्लू पत्र्याच्या घरात किंवा उन्हात बांधलेले असेल तर उष्माघाताला लवकर बळी पडते. सावली आणि दिवसातून अनेकदा बदललेले गार पाणी या भागात दातांच्या काळजीइतकेच आवश्यक असते.

शेतावरच्या घरात चावण्याजोग्या वस्तूंची यादी शहराहून वेगळी असते. खानदेशात कपाशीचे पीक मोठे आहे. सरपणासाठी रचलेल्या पऱ्हाटीच्या काटक्या पिल्लांना आवडतात, पण त्यांच्या टोकांनी हिरडी किंवा टाळू फाटते आणि आडवी काटकी वरच्या दाढांमध्ये अडकून बसते. कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्या, फवारणी पंपाची नळी आणि औषध लावलेले बियाणे यांपासून विषबाधा होते. गुरांच्या गव्हाणीतील सरकी व सरकी पेंड बैलांना मानवते, कुत्र्याला नाही. तिच्यातील गॉसिपॉल हा घटक पिल्लाच्या हृदयाला इजा करतो. एरंडीची पेंड खत म्हणून वापरली जाते. तिच्यावर योग्य प्रक्रिया झालेली नसेल तर रिसिन या विषामुळे थोड्याशा पेंडीनेही कुत्रा दगावू शकतो. अंगणातील पिवळ्या व लाल कण्हेरीच्या फांद्याही विषारी आहेत.

दाणे काढून उरलेले मक्याचे कणीस आणि आंब्याची कोय या दोन निरुपद्रवी भासणाऱ्या वस्तू पशुवैद्यकांना परिचित आहेत त्या आतड्यातील अडथळ्याची कारणे म्हणून. कणसाचा तुकडा पचत नाही, क्ष-किरण चित्रात स्पष्ट दिसत नाही आणि बरेच दिवस पोटात राहून अचानक अडकतो. स्वयंपाकघरातील धोका आणखी जवळचा आहे. खानदेशी वांग्याच्या भरितात कांद्याची पात सढळ हाताने घातली जाते. कांदा, कांद्याची पात आणि लसूण यांनी कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. मऊ आहे म्हणून उरलेले भरीत दात दुखणाऱ्या पिल्लापुढे ठेवले जाण्याचा संभव असतो, म्हणून हा उल्लेख.

न पडलेले दुधाचे दात आणि इतर दोष

कायमचा दात उगवूनही दुधाचा दात जागेवरच राहिला तर त्याला टिकून राहिलेला दुधाचा दात म्हणतात. पॉमेरेनियनसारख्या लहान चणीच्या जातींत हा दोष अधिक दिसतो आणि बहुतेकदा तो सुळ्यांचा असतो. वरचा कायमचा सुळा दुधाच्या सुळ्याच्या पुढे आणि खालचा आतल्या बाजूला उगवतो. खालचा दुधाचा सुळा पडला नाही तर कायमचा सुळा आतच राहतो आणि तोंड मिटताना टाळूत रुतून जखम करतो. दोन दातांच्या फटीत अन्न साचून हिरडीचा रोग लवकर सुरू होतो. एका जागी एकाच प्रकारचे दोन दात एकाच वेळी असू नयेत, हा पशुदंतवैद्यकातील नियम आहे. तसे दिसल्यास सहा महिने पूर्ण होण्याची वाट न पाहता पशुवैद्यकाला दाखवावे.

असा दात भूल देऊन काढावा लागतो. दुधाच्या सुळ्याचे मूळ बाहेर दिसणाऱ्या भागापेक्षा बरेच लांब आणि नाजूक असते. घरी पकडीने ओढल्यास ते आत तुटते, तेथे पू होतो किंवा शेजारच्या नव्या दाताला इजा पोहोचते. आपोआप हलणारा दातही ओढून काढण्याची गरज नसते.

कायमच्या दातांवरचे इनॅमलचे कवच पिल्लू अगदी लहान असताना, दात हिरडीखाली असतानाच तयार होते. त्या काळात डिस्टेंपर झाला आणि पिल्लू वाचले तरी पुढे उगवणाऱ्या दातांवर खड्डे आणि तपकिरी पट्टे दिसतात. रोग बरा झाल्यानंतर कित्येक महिन्यांनी दातांवर दिसणारी ही त्याची खूण असते.

रेबीजचा संबंध

रेबीजचा विषाणू बाधित प्राण्याच्या लाळेतून पसरतो. माणसात लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. लक्षणांपूर्वी घेतलेली लस मात्र त्यापासून जवळपास पूर्ण संरक्षण देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार रेबीजचा संशय असलेल्या प्राण्याने चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. भारत सरकारने कुत्र्यांमुळे होणाऱ्या रेबीजचे २०३० पर्यंत निर्मूलन करण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा २८ सप्टेंबर २०२१ रोजी जाहीर केला.

पिल्लाला रेबीज होत नाही, दुधाच्या दातांत विष नसते, अशी समजूत ग्रामीण आणि शहरी दोन्ही भागांत ऐकू येते. ती चुकीची आहे. पिल्लाला आईकडून किंवा दुसऱ्या बाधित कुत्र्याच्या चाव्यातून रेबीज होऊ शकतो आणि तीन महिन्यांपेक्षा लहान पिल्लांतही तो आढळला आहे. सामूहिक लसीकरणात तीन महिन्यांखालील पिल्लांनाही वगळू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस त्यामुळेच आहे.

अडचण अशी की रेबीजची सुरुवातीची काही लक्षणे दात येण्याच्या लक्षणांशी जुळतात. लाळ गळणे, लाकूड, माती, चिंध्या अशा अखाद्य वस्तू चावणे, चिडचिड आणि अन्न नाकारणे दोहोंत दिसते. दात येणारे पिल्लू यांखेरीज नेहमीसारखेच असते: ओळख देते, शेपटी हलवते, झोपून उठले की पुन्हा खेळते, पाणी पिते. रेबीजमध्ये वागणे एक-दोन दिवसांत बदलते आणि बिघडतच जाते. पिल्लू कोपऱ्यात दडते किंवा कारण नसता अंगावर येते, आवाज घोगरा होतो, गिळता येत नाही, मागचे पाय लुळे पडतात, खालचा जबडा लोंबतो. लक्षणे सुरू झाल्यावर कुत्रा साधारण दहा दिवसांच्या आत मरतो. लोंबणारा जबडा पाहून ‘घशात हाड अडकले’ किंवा ‘दात अडकला’ असे वाटणे स्वाभाविक आहे. तोंडात हात घालून पाहण्याचा मोह होतो तो नेमका याच वेळी, आणि लस न झालेल्या पिल्लाच्या बाबतीत ही चूक जीवावर बेतते. असे पिल्लू वेगळे बंद करून पशुवैद्यकाला बोलवावे.

लस न झालेल्या किंवा लसीची खात्री नसलेल्या पिल्लाचा दात लागल्यास जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना किंवा तेल लावू नये. त्याने जखमेची आग होते, विषाणू मरत नाही. रक्त न येता उमटलेला ओरखडा किंवा उघड्या कातडीला लागलेला हलका दात ही दुसरी श्रेणी मानली जाते आणि तिला लस लागते. कातडी भेदून रक्त आले असेल किंवा आधीच्या जखमेवर लाळ लागली असेल तर ती तिसरी श्रेणी होय. तेव्हा लशीसोबत जखमेत रेबीजविरोधी प्रतिद्रव्यही द्यावे लागते. सुईसारख्या दुधाच्या दाताने पडलेले बारीक छिद्र डोळ्यांना क्षुल्लक दिसते, तरी रक्ताचा थेंब आला असल्यास ते तिसऱ्या श्रेणीतच मोडते.

सरकारी रुग्णालयांत ही लस त्वचेत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी दिली जाते. पोटात घ्यायच्या १४ इंजेक्शनांची भीती जुन्या पिढीत अजून टिकून आहे. मेंदूच्या ऊतीपासून बनवलेली ती जुनी लस भारतात २००४ पासून बंद झाली. चावणारे पिल्लू ओळखीचे आणि घरचे असेल तर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवले जाते, पण उपचार लांबवून नव्हे, उपचार सुरू करून. दहा दिवसांनंतर पिल्लू ठणठणीत असेल तर पुढील मात्रांबाबत डॉक्टर निर्णय घेतात. मुले बोलणी बसतील या भीतीने ओरखडा लपवतात. पिल्लू असलेल्या घरात दात लागल्याचे लगेच सांगितल्यास रागावणार नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवणे उपयोगाचे असते.

लसीकरणाचा क्रम

पार्व्हो व डिस्टेंपर यांविरुद्धची संयुक्त लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होते आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने तिच्या मात्रा दिल्या जातात. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिद्रव्ये लसीच्या परिणामात अडथळा आणतात आणि ती केव्हा ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. एकच मात्रा देऊन न थांबण्याचे कारण ते आहे. रेबीजची लस साधारणपणे तीन महिन्यांच्या वयात दिली जाते आणि एक वर्षाने तिची पुन्हा मात्रा द्यावी लागते. मधली काही आठवड्यांची फट, म्हणजे लस मिळेपर्यंतचा आणि लस परिणामकारक होईपर्यंतचा काळ, टोकदार दुधाच्या दातांचाच काळ असतो. त्या अवधीत पिल्लाला भटक्या कुत्र्यांपासून दूर ठेवणे आणि लहान मुलांना त्याच्या तोंडाशी खेळू न देणे एवढेच हातात असते.

पिल्लू घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यातच त्याला जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले तर दातांवरून वयाचा अंदाज, जंतनाशक औषध आणि लसीचे वेळापत्रक ही तिन्ही कामे एका फेरीत होतात. लसीची तारीख आणि बाटलीवरील लेबल चिकटवलेले कार्ड जपून ठेवावे लागते. कोणाला दात लागल्यास रुग्णालयात डॉक्टर तेच प्रथम मागतात. दूरच्या वस्त्यांसाठी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सेवा १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर मागवता येते.